काच बदलण्याआधी फट शोधा

रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. आवाजाला वैतागून नव्या खिडक्यांची ऑर्डर देण्याआधी एक संध्याकाळ आपल्या जुन्या खिडकीसमोर बसा. सोबत एक उदबत्ती आणि वर्तमानपत्राची एक पट्टी घ्या. पैसे तर वाचतीलच, पण घरातल्या कुणाची तरी झोपही परत येईल. मी हे पैसे घालवून शिकले आहे, म्हणून सांगते.

आमचं घर पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. खाली बसचा थांबा, पन्नास पावलांवर सिग्नल. इतक्या वर्षांत हा गोंगाट आमच्या अंगवळणी पडला होता. मग अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बायपास झाली आणि ते आमच्याकडे राहायला आले. रस्त्याकडची खोली मोठी आणि उजेडाची, म्हणून ती त्यांना दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर अण्णा पलंगावर बसलेले. "पावणेपाचला पहिली बस येते," ते म्हणाले. "त्याच्या आधी दुधाचा टेम्पो." ऑपरेशन झालेल्या माणसाला तीन रात्रींत रस्त्याचं वेळापत्रक पाठ झालं होतं.

आम्ही घाईघाईने काच बदलली. चार मिलिमीटरची काढून सहाची टफन्ड घातली. आवाज निम्म्यावर येईल, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. बिल चुकतं केलं, रात्री कान देऊन ऐकलं, तर बसचा ब्रेक होता तसाच.

हिशोब मला नंतर कळला. काचेचं वजन दुप्पट केलं तरी आवाज फार तर ६ डेसिबलने उतरतो. चारची सहा केल्यावर वजन दीडपटच होतं, म्हणजे फरक साडेतीन डेसिबलच्या आसपास. आणि आपल्या कानाला आवाज निम्मा झाला असं वाटायला तो साधारण १० डेसिबलने कमी व्हावा लागतो. पण आमच्या खिडकीत तो साडेतीनचा फरकही पडला नाही, कारण आवाज काचेतून येतच नव्हता.

उदबत्तीची परीक्षा

हे दाखवून दिलं आमच्या सुतारमिस्त्रींनी. ते स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीच्या कामाला आले होते. मी काचेचं रडगाणं सांगितल्यावर ते खिडकीपाशी गेले, पंखा बंद करायला सांगितला आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती मागून घेतली. पेटवलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने, अगदी सावकाश, खालून वर नेत गेले. धूर सरळ वर जात होता. दोन पल्ले एकमेकांवर येतात त्या उभ्या पट्टीशी आला आणि एकदम खोलीच्या आत वळला. खालच्या ट्रॅकपाशी पुन्हा वळला. पडद्याच्या मागे, चौकट आणि भिंत मिळतात तिथे, तर धूर फुंकर मारल्यासारखा विस्कटला. तिथलं सिलिकॉन वाळून सुटलं होतं. मिस्त्रींनी पल्ल्याच्या कडेची ब्रशची पट्टी नखाने उचकून दाखवली. जुन्या टूथब्रशसारखी ती झिजून सपाट झाली होती.

"ताई, वारा जिथून येतो ना, तिथूनच बस येते," ते म्हणाले.

मिस्त्रींचं हे म्हणणं शास्त्राला धरून आहे. पाच फूट बाय चार फुटांची खिडकी घ्या. ती साधारण १८,००० चौरस सेंटिमीटरची असते. तिच्या कडेला दोन मिलिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब फट असेल, तर ती फक्त १८ चौरस सेंटिमीटरची, म्हणजे खिडकीचा हजारावा भाग. एवढीशी फट असली की बाकीच्या जागी तुम्ही दगडी भिंत बांधलीत तरी ती खिडकी ढोबळमानाने ३० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही. फट शंभराव्या भागाएवढी झाली तर २० डेसिबलच्या वर नाही. आणि खिडकी थोडीशी उघडी ठेवली तर आतबाहेरचा फरक जेमतेम १५ डेसिबलचा उरतो. छत्रीला भोक असेल तर कापड कितीही जाड असून उपयोग नाही, तसंच हे.

तुमच्या घरी ही परीक्षा करताना तीन गोष्टी करा. वारा असलेल्या संध्याकाळी पंखा बंद करून उदबत्ती चौकटीच्या चारही बाजूंनी फिरवा आणि धूर वळेल तिथे पेन्सिलने खूण करा. मात्र पडदे आधी काढून ठेवा. मग रात्री खोलीतले दिवे घालवा. बाहेरच्या दिव्याची बारीक रेघ जिथे दिसेल तिथेही खूण करा. दारासारखे उघडणारे पल्ले असतील तर कागदाची पट्टी पल्ल्यात धरून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा. ती अलगद निसटून आली तर तिथलं रबर काम करत नाही. या खुणा झाल्या की अर्धं काम झालं. शिवाय खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर आला की तो काय विकतो आहे त्यापेक्षा तुम्हाला काय हवं आहे यावर बोलणं होईल.

स्वस्तापासून महागाकडे

पहिला खर्च शून्याचा आहे. घरातलं सगळ्यात नाजूक माणूस, म्हणजे तान्हं मूल, आजारी किंवा वयस्क माणूस, रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कुणी, रस्त्याकडच्या खोलीत झोपत असेल तर खोल्यांची अदलाबदल करा. मोठी खोली मोठ्यांना द्यायची ही आपली रीत प्रेमाची आहे, पण अण्णांना मी त्या प्रेमापोटीच बसथांब्याच्या डोक्यावर झोपवलं होतं.

दुसरा खर्च काही शेकड्यांचा. स्लायडिंग खिडकीची ब्रशची पट्टी, जिला बाजारात वूलपाइल म्हणतात, ती काही वर्षांत झिजतेच. जुनी ओढून काढून त्याच मापाची, दाट केसांची नवी सरकवायची. दोन पल्ल्यांमधल्या उभ्या पट्टीला, म्हणजे इंटरलॉकला, ती विसरू नका, कारण सगळ्यात लांब फट तिथेच असते. पल्ला तिरका बसत असेल तर त्याच्या खालच्या चाकाचा स्क्रू फिरवून तो सरळ होतो. काच आणि पल्ल्यामधलं रबर कडक होऊन आखडलं असेल तर बदला. चौकट आणि भिंत यांच्यामधली बारीक फट सिलिकॉनने भरा. मोठी असेल तर आधी गवंड्याकडून सिमेंटने नीट भरून घ्या आणि मग वरून सिलिकॉन. नुसती सिलिकॉनची रेघ पोकळीवर पातळ पापुद्र्यासारखी राहते. एसीचा पाइप आणि केबल यांच्या भोवतीची भोकंही बुजवा. एक गोष्ट मात्र बुजवू नका. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पावसाचं पाणी जाण्यासाठी छोटी भोकं असतात. ती बंद केलीत तर जुलैमध्ये पाणी खोलीत येईल.

आमच्याकडे एवढंच काम झालं. दोन दिवस लागले आणि काचेच्या बिलाच्या दहाव्या हिश्श्यात भागलं.

यानेही भागलं नाही, तर पुढचा विचार खिडकीच्या प्रकाराचा. स्लायडिंग पल्ला सरकायला मोकळा ठेवावाच लागतो, त्यामुळे तो कधीच पुरता घट्ट बसत नाही. दारासारखा उघडणारा पल्ला बंद करताना रबरावर दाबला जातो, कपाटाच्या नाही तर फ्रिजच्या दारासारखा. निजायच्या खोलीची एकच खिडकी बदलायची ऐपत असेल तर स्लायडिंग काढून उघडणारी, चारही बाजूंनी रबर असलेली आणि दोन-तीन ठिकाणी कडी बसणारी खिडकी घ्या. ती ॲल्युमिनियमची की यूपीव्हीसीची, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

काचेकडे यायचं ते इथे. जाडीपेक्षा लॅमिनेटेड काच मागा. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकची पातळ फिल्म दाबून ती बनवतात. तीन-तीन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये ०.३८ मिलिमीटरची फिल्म असेल तर तिला ६.३८ म्हणतात. प्रत्येक साध्या काचेचा एक सूर असतो. त्या सुरावर ती स्वतःच लहरायला लागते आणि आवाज सहज आत सोडते. सहा मिलिमीटरच्या काचेचा हा सूर २,००० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि हॉर्नचा कर्कशपणा, ब्रेकची किंकाळी त्याच पट्टीत येते. मधली फिल्म ती लहर मारते.

डबल ग्लेझिंगबद्दल सावध राहा. १२ मिलिमीटर हवेच्या दोन बाजूंना एकसारख्या काचा, ही रचना उष्णतेसाठी चांगली आहे. आवाजासाठी मात्र मधली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि ट्रकच्या घरघरीला दोन्ही काचा जोडीने हलतात. घ्यायचीच असेल तर दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या.

त्याहून चांगला उपाय आपल्या जुन्या इमारतींत सहज करता येतो. आपल्या भिंती जाड असतात आणि खिडकी बहुधा बाहेरच्या कडेला बसवलेली असते. आतल्या अंगाला ओटीसारखी जागा उरते. तिथे जुन्या खिडकीपासून १० सेंटिमीटर किंवा जास्त अंतर ठेवून दुसरी, घट्ट बंद होणारी खिडकी लावा. मोठ्या अंतरामुळे स्प्रिंगचा त्रास बराच खाली, जाड आवाजाच्या टोकाला सरकतो आणि मोठा फरक पडतो. जुनी खिडकी तोडायची गरज नाही, त्यामुळे इमारतीचं बाहेरचं रूपही बदलत नाही.

पडदे, झाडं आणि शटर

जाड पडदे, भिंतीला लावलेला फोम, अंड्यांचे ट्रे यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. खिडकीतल्या कुंड्या डोळ्यांना सुख देतात, कानांना नाही.

आता रोलिंग शटर. बाल्कनीला किंवा खिडकीला बाहेरून शटर बसवून घेतलं की आवाज बंद होईल, असं अनेकांना वाटतं. हा प्रकार जर्मनीत घरोघरी आहे. तिथे त्याला रोलाडेन म्हणतात. माझी भाची स्टुटगार्टला राहते. तिच्या प्रत्येक खिडकीला बाहेरून असं शटर आहे. आतून पट्टा ओढला की ते वर जाऊन खिडकीच्या डोक्यावरच्या पेटीत गुंडाळलं जातं. खिडकी उत्तम, रबर शाबूत, तरी तिच्या निजायच्या खोलीत ट्राम ऐकू यायची. मी फोनवर तिला उदबत्ती लावायला सांगितली. धूर वळला तो वरच्या पेटीच्या झाकणाशी आणि पट्टा जिथून आत येतो त्या खाचेशी.

तिथल्या माणसांना ही दुखणी चांगली ठाऊक आहेत. पेटी आतून पोकळ असते, तिचं खोलीकडचं झाकण पातळ असतं आणि खाली शटर उतरायला मोकळी खाच असते. म्हणजे भिंतीच्या मधोमध रस्त्याकडे उघडणारी खिडकीच. घरमालकाला विचारून पेटीच्या आतल्या बाजूंना वजनदार बिटुमेनचे तुकडे चिकटवायचे, शटरच्या गुंडाळीला अडणार नाही इतकी खनिज लोकर भरायची, झाकणाच्या कडा सील करायच्या आणि पट्ट्याच्या खाचेला ब्रश लावायचा, असा तिथला इलाज आहे. भाचीने झाकणाच्या कडांपासून सुरुवात केली आणि तिला तेवढ्यानेच बराच आराम पडला. जर्मनीत, युरोपात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी घर भाड्याने घेताना खिडकीइतकीच ही पेटीही ठोकून पाहावी.

शटर खाली ओढल्यावरही फायदा होईलच असं नाही. हलक्या पट्ट्यांचं शटर काचेला लागून असेल तर फरक नगण्य पडतो, कधी मधल्या अरुंद हवेमुळे काही आवाज वाढतातही. शटर वजनदार असेल, काचेपासून चांगलं लांब असेल आणि बाजूच्या खाचांत घट्ट बसत असेल, तरच काही डेसिबल वाचतात. त्यामुळे आपल्याकडे खिडकीचे पल्ले खुळखुळत असताना त्यावर शटरचा खर्च करू नका. सुरक्षिततेसाठी किंवा उन्हासाठी हवं असेल तर जरूर लावा.

जर्मनांकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. आवाज अडवण्यावरून तिथे खिडक्यांचे सहा वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गाची खिडकी २५ ते २९ डेसिबल अडवते, सहाव्या वर्गाची ५० किंवा जास्त. हा आकडा काच, चौकट, रबर मिळून अख्ख्या खिडकीचा असतो. तुम्हाला कुणी "चाळीस डेसिबल थांबतील" असं सांगितलं तर एवढंच विचारा: हा आकडा काचेचा की बसवलेल्या पूर्ण खिडकीचा? चाचणीचा कागद दाखवाल का? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

हवा कोंडू नका

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. फटी बुजवायच्या त्या फक्त निजायच्या खोलीच्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचा वारा कधीही बंद करू नका. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही. आपल्या राज्यात अशी माणसं गेली आहेत. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असला पाहिजे.

निजायच्या खोलीतही रात्री आतलं दार उघडं ठेवा आणि घराच्या मागच्या बाजूची, शांत अंगाची खिडकी उघडी राहू द्या, म्हणजे हवा खेळती राहील. बंद खोलीत डासांची कॉइल जाळू नका. सकाळी रस्ता निवळलेला असेल तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघडा. आणि घरातल्या एका तरी खिडकीचं ग्रिल आतून उघडता येईल असं ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी.

रस्त्यालाही विचारा

"आम्हाला सवय झाली आहे," असं आपण म्हणतो. मीही म्हणायचे. सवय मनाला होते. झोपलेल्या शरीराला हॉर्न ऐकू येतोच, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, झोप उथळ होते. सकाळी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही इतकंच. चांगल्या झोपेसाठी निजायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मधूनच येणारा आवाज ४५ च्या आत असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगितलं आहे.

खिडकी बंद करणं हा आपला बचाव झाला. मूळ आवाज कमी करायची जबाबदारी दुसऱ्यांचीही आहे, आणि कायदा आपल्या बाजूचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग राज्य सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे ही मर्यादा ५० आणि ४० आहे. २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला, फटाके फोडायला आणि बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला मनाई केली आहे. शेजारच्या प्लॉटवर रात्री अकराला ब्रेकर सुरू झाला तर ११२ ला फोन करा. एकट्याने तक्रार करायचा संकोच वाटत असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर, चार जणांच्या सह्यांनी अर्ज द्या. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी आणि पुढे सुमैरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशनने हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. त्यांनी जे मिळवलं ते आपण अर्जसुद्धा न करता वाया घालवू नये.

ढोल आणि डीजेचा छातीत घुमणारा ठोका कुठलीच खिडकी अडवू शकत नाही, तो भिंतीही हलवतो. त्याला उपाय मंडळाच्या बैठकीत जाऊन बोलण्याचाच. आणि आपली स्वतःची गाडी फाटकाशी आली की हॉर्न वाजवायच्या आधी वरच्या मजल्यांवर कोण झोपलेलं असेल, ते आठवा.

आमच्याकडे काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना विचारलं. दुधाचा टेम्पो आज आलाच नाही, असं ते म्हणाले. तो आला होता. दारात पिशवी होती. पहिली बस त्यांना अजूनही ऐकू येते, पण पलीकडच्या गल्लीतून गेल्यासारखी, आणि ते कूस बदलून पुन्हा झोपतात.

तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल, पहाटे न बोलता उठून बसणारं. आज संध्याकाळी देवापाशी उदबत्ती लावाल तेव्हा आणखी एक लावा आणि त्यांच्या खिडकीपाशी घेऊन जा.